प्लांटमध्ये मोबाईल बंद: रात्रपाळीचा अलार्म कोणाच्या खिशात वाजवायचा?

कुरकुंभकर
सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, धागा कामाचा आहे, थोडा रुक्ष वाटेल. चालवून घ्या.

आमचं युनिट कुरकुंभ एमआयडीसीत. सॉल्व्हंटचं काम असल्यामुळे मोबाईल गेटवरच लॉकरमध्ये जमा होतात. दिवसा प्रश्न नाही, हाकेच्या अंतरावर माणूस असतो. रात्री मात्र ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) एकटा, युटिलिटीत एकटा, टँक फार्मच्या फेरीला एकटा. वॉकीटॉकी आहेत, पण त्यावर सगळे एकदम बोलतात आणि समोरच्याने ऐकलं की नाही याचा पत्ता लागत नाही. पॅनेलवर अलार्म आला की ऑपरेटर पीए सिस्टीमवर पुकारा करतो. ब्लोअरशेजारी उभ्या माणसाला त्यातलं अक्षर ऐकू येत नाही.

मध्यंतरी जर्मनीच्या मुख्य ऑफिसातून ऑडिट झालं. शेरा असा: एकट्याने काम करणाऱ्याच्या अंगावर इशारा देणारं यंत्र हवं. त्यांच्याकडे त्यासाठी डेक्टवरचे कॉर्डलेस फोन वापरतात म्हणे. लाल बटण, माणूस आडवा झाला तर आपोआप अलार्म (मॅन-डाउन), आणि पीएलसीकडून (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरकडून) थेट फोनच्या पडद्यावर मजकूर. दोन व्हेंडर येऊन गेले. दोघांचं सादरीकरण इतकं गुळगुळीत की विचारायचं काय हेच सुचेना.

कुणी हे प्रत्यक्ष चालवलंय का? आजच्या काळात कॉर्डलेस फोन घ्यायचे म्हणजे मागे जाणं नाही ना? वाय-फाय किंवा ४जीवर हेच होणार नाही का? आणि मेसेज खरोखर पोचतो का?

आज्ञाधारक
सोमवार, रात्री ९:५२

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, "नाईट शिफ्ट इमर्जन्सी". फुकटात काम.

कुरकुंभकर
सोमवार, रात्री ९:५५

दादा, मोबाईल लॉकरमध्ये आहेत.

आज्ञाधारक
सोमवार, रात्री ९:५६

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

जुना_एक्स्चेंजवाला
सोमवार, रात्री ११:१५

नोकरीभर ईपीएबीएक्स (ऑफिस-कारखान्यातली टेलिफोन एक्स्चेंज) आणि त्याचे वायरलेस भाऊबंद बसवले, म्हणून लिहितो. लांबेल.

डेक्ट म्हणजे घरातल्या कॉर्डलेस फोनचंच तंत्र. घरी एक बेस आणि एक फोन असतो. कारखान्यात छताला वीस-पन्नास बेस लावतात, सगळे आपापलं घड्याळ एकमेकांशी जुळवतात, आणि माणूस बोलत बोलत चालत गेला तरी संभाषण न तुटता एका बेसवरून दुसऱ्यावर जातं. युरोपातल्या एट्सी या संस्थेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मानक काढलं. पट्टा १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ. त्यात दहा कॅरियर (फ्रिक्वेन्सी), प्रत्येकावर दहा मिलिसेकंदांची फ्रेम, फ्रेमचे चोवीस तुकडे: बारा जायला, बारा यायला. कुठला तुकडा मोकळा आहे हे फोन स्वतः ऐकून निवडतो, त्यामुळे कोणत्या बेसला कोणती फ्रिक्वेन्सी असलं नियोजन करत बसावं लागत नाही. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालतं, तिथली गर्दी इकडे फिरकत नाही. ऑफिसातल्या कुणी लॅपटॉपवर मॅच लावली म्हणून ईटीपीचा अलार्म अडकला, असं इथे होत नाही.

तुमच्या "मागे जाणं" वर: ४जी चांगलंच आहे, पण टॉवर तुमचा नाही. तो बंद पडला की फोन करून तक्रार कोणाकडे करणार, आणि कशावरून? वाय-फायवरही हे करतात, रुग्णालयांत बरंच चालतं, पण चालत्या माणसाला एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर नीट सोपवायचं तर नेटवर्क तसं बांधलेलं असावं लागतं. तुमच्या प्लांटमधलं वाय-फाय बहुधा स्टोअर आणि कॅन्टीनपुरतं असेल. शिवाय डेक्टचा फोन रिकामा असताना जवळजवळ झोपलेला असतो, बॅटरी शिफ्टभर सहज पुरते. आणि तंत्र म्हातारं झालंय असंही नाही. त्याची नवी पिढी, डेक्ट-२०२० एनआर, २०२२ मध्ये आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने) ५जीच्या कुटुंबात घेतली.

आता व्हेंडर पटकन सांगणार नाही ते. दोन कंपन्यांच्या फोन-बेसमध्ये बोलणं चालावं यासाठी गॅप नावाचा समान करार आहे. तो बोलण्यापुरता. मजकूर, अलार्मचे प्रकार, लाल बटण, "स्वीकारलं" ही कळ, हे प्रत्येक उत्पादकाचं स्वतःचं असतं. एका कंपनीच्या बेसवर दुसरीचा फोन कॉल करेल, पण अलार्मचा मजकूर दाखवेलच असं नाही. आस्कॉम, स्पेक्ट्रालिंक, मायटेल, गिगासेट, स्नॉम, कुणाचंही घ्या. फोन, बेस आणि अलार्म सर्व्हर हे त्रिकूट एकमेकांबरोबर तपासलेलं आहे का ते लेखी मागा.

आणि हो, हा मजकूर म्हणजे एसएमएस नव्हे. तो सिग्नलिंगमधून, म्हणजे फोन आणि बेस यांच्या आपसातल्या नियंत्रण संदेशांतून जातो, बाहेरच्या कुठल्या कंपनीला त्याचा पत्ताही नसतो. फोनवर बोलणं चालू असतानाही तो पडद्यावर येऊ शकतो, आणि वरच्या प्राधान्याचा असेल तर फोन सायलेंटवर असला तरी वाजवता येतो. हे दोन्ही डेमोमध्ये करून बघा.

(अवांतर: डेक्टशी आपली ओळख जुनी आहे. १९९० च्या दशकात आयआयटी मद्रासमधल्या प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने मिडास कम्युनिकेशन्सबरोबर कॉर-डेक्ट काढलं. खेड्यात तारा न ओढता फोन आणि सोबत ३५ किंवा ७० केबीपीएस इंटरनेट. तेव्हा ते वेगवान वाटायचं.)

बाइनरी_बाब्या
मंगळवार, सकाळी ८:०५

काका, मस्त प्रतिसाद. एक भर: अमेरिकेतून कुणी "डेक्ट ६.०" चे फोन आणून दिले तर लावू नका. तिकडचा पट्टा १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ. आपल्याकडे तिथे मोबाईलवरून टॉवरकडे जाणारे सिग्नल असतात, त्यात घुसखोरी होते. त्या ६.० चा सहा गिगाहर्ट्झशी काही संबंध नाही, विक्रीसाठी दिलेला आकडा आहे. घ्याल त्या मॉडेलला डब्ल्यूपीसीची (सरकारच्या वायरलेस खात्याची) ईटीए, म्हणजे उपकरण-मान्यता, आहे का ते बघा.

सेफ्टीवाला_बोईसर
मंगळवार, सकाळी १०:३०

सगळे रेडिओवर बोलतायत. पहिला प्रश्न झोनचा आहे.

सॉल्व्हंट म्हणजे तुमच्याकडे झोन १ आणि झोन २ (ज्वलनशील वाफ हवेत असू शकते असे भाग) आखलेले असणार. साधा कॉर्डलेस फोन तिथे नेता येत नाही, मोबाईल नेता येत नाही त्याच कारणाने. त्या भागासाठी प्रमाणित हँडसेट लागतो. युरोपातल्या कंपन्या असे फोन बनवतात, त्यावर गॅस ग्रुप आणि तापमान वर्ग छापलेला असतो. तो तुमच्या एरिया क्लासिफिकेशनच्या नकाशाशी जुळवून बघा. नुसतं युरोपचं अ‍ॅटेक्स प्रमाणपत्र दाखवून व्हेंडर सुटेल, तुम्ही सुटणार नाही. आपल्याकडे पेसोची (स्फोटक सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेची) मान्यता विचारा. त्यांचं मुख्य कार्यालय नागपूरलाच आहे, महाराष्ट्रातल्या माणसाने तरी हे विसरू नये. चार्जिंग रॅक कायम सुरक्षित भागात. बॅटरी काढणं-घालणंही तिथेच. बेस शक्यतो झोनच्या बाहेरून आत कव्हरेज देतील असे बसवा, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळी पेटी आणि वेगळा खर्च.

दुसरं. मॅनहोल, टाकी, रिअ‍ॅक्टर यात उतरायचं असेल तर फोन हा बाहेर उभ्या माणसाला पर्याय नाही. बंदिस्त जागेत उतरण्याचे कायद्याचे नियम आणि परमिट जसंच्या तसं लागू. "आता मॅन-डाउन फोन आहे, बाहेर माणूस कशाला" हे वाक्य मॅनेजमेंटच्या तोंडून कधी ना कधी येणार. उत्तर आत्ताच लिहून ठेवा.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ईटीपीवर भीती हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस) या विषारी वायूची. एक माणूस पडतो, दुसरा त्याला काढायला धावतो, तोही पडतो. आपल्याकडच्या बातम्यांत हेच वाचायला मिळतं, दोन गेले, तीन गेले. म्हणून नुसता बझर वाजवणारा अलार्म धोकादायक असतो, तो फक्त "पळ" सांगतो. मजकूर असेल तर त्यात लिहिता येतं: ईटीपी संप (सांडपाण्याची टाकी), एचटूएस अलार्म, बीए सेट (श्वसनयंत्र) घेऊन जा. हे शेवटचे शब्द फोनच्या पडद्यावर आले नाहीत तर सगळा खर्च पाण्यात.

रात्रपाळीची_सिस्टर
मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ वृद्धांच्या काळजीगृहात नर्स आहे. कारखान्याचं कळत नाही, पण हा फोन रोज रात्री माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात असतो, म्हणून लिहिते.

आमच्याकडे आजोबांनी पलंगाजवळचं बटण दाबलं की खोलीबाहेर दिवा लागतो आणि माझ्या फोनवर खोलीचा नंबर येतो. बाथरूममधली दोरी ओढली तर वेगळा, जास्त घाईचा सूर. पलंगाजवळच्या सेन्सर चटईवर पाय पडला की तोही मेसेज येतो, कारण काही आजी रात्री उठून पडतात. मी फोनवर "स्वीकारलं" दाबलं की बाकीच्यांचे फोन शांत होतात, म्हणजे तिघी एकाच खोलीकडे धावत नाहीत. मी दाबलं नाही तर थोड्या वेळाने मेसेज दुसऱ्या मजल्यावरच्या सहकारिणीकडे जातो.

पण स्वीकारणं म्हणजे संपवणं नव्हे, हा इथला पक्का नियम. कॉल बंद करायचा तर त्या खोलीत जाऊन तिथलंच बटण दाबावं लागतं. फोनवरून तो मिटवता येत नाही. नर्स कॉलचं जर्मन मानक आहे, डीआयएन व्हीडीई ०८३४, त्यात हे असंच आहे, आणि फोन ही मूळ यंत्रणेवरची जोड धरतात. फोन सगळे बंद पडले तरी दिवा आणि बझर चालू राहिलेच पाहिजेत. नवीन मुलींना आधी हे विचित्र वाटतं. मग एका रात्री दोन कॉल एकदम येतात, एक स्वीकारून दुसरीकडे जावं लागतं, आणि तो पहिला दिवा तसाच पेटलेला दिसतो तेव्हा कळतं कशासाठी आहे.

अजून एक, पडद्यावर आजी-आजोबांचं नाव येत नाही, फक्त खोली. फोन टेबलावर पडलेला कुणी भेटायला आलेल्याने वाचू नये म्हणून.

कुरकुंभकर
मंगळवार, रात्री ९:१०

ताई, हे फार उपयोगी. म्हणजे आमच्याकडे "रीसेट" चं बटण गॅस डिटेक्टरपाशी किंवा निदान त्या ब्लॉकच्या दाराशी हवं, कंट्रोल रूममध्ये नको. सध्या ते नेमकं कंट्रोल रूममध्येच आहे.

व्हेंडरने आज अजून एक आमिष दाखवलं: डीसीएसवरचे (कंट्रोल रूममधल्या नियंत्रण यंत्रणेवरचे) सगळे अलार्म फोनवर आणून देतो म्हणाला. "एकदा जोडलं की किती टाकायचे ते तुमच्यावर."

सेफ्टीवाला_बोईसर
मंगळवार, रात्री ९:३५

त्याला हाकला.

२४ जुलै १९९४, वेल्समधलं मिलफोर्ड हेवन, टेक्साकोची रिफायनरी. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. ब्रिटिश सुरक्षा खात्याच्या चौकशी अहवालात हे आहे. माणूस त्यातून काय निवडणार? त्यानंतर अलार्म व्यवस्थापनावर ईईएमयूए १९१ ही मार्गदर्शिका १९९९ मध्ये आली. साधारण शांत चालू असलेल्या प्लांटमध्ये ऑपरेटरला दहा मिनिटांत एकापेक्षा कमी अलार्म यावा, असा तिचा दंडक. तो पॅनेलसमोर बसलेल्या माणसासाठी. फेरीवरच्या माणसाच्या खिशात त्याच्याही कितीतरी कमी हवेत. ज्या अलार्मवर त्याने पाय उचलायचा आहे तेवढेच फोनवर.

रात्रपाळीची_सिस्टर
मंगळवार, रात्री ११:५०

दवाखान्यांतही तेच. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये इशारा काढला होता: जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटनांची नोंद झाली, त्यातल्या ८० मध्ये रुग्ण दगावला. मुख्य कारणांत अलार्मचा थकवा होता. इतके वाजतात की कान बधिर होतात, मग कुणीतरी आवाज कमी करतं. ब्रेक संपला, पळते.

चहा_कमी_साखर
बुधवार, सकाळी ७:३०

वाचतेय. इंग्लंडमधून एक छोटी भर. इथल्या एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) २०१९ साली सुमारे १,३०,००० पेजर वापरात होते, जगात उरलेल्या पेजरांच्या दहा टक्क्यांहून जास्त. मंत्र्यांनी २०२१ अखेर ते हद्दपार करा असं सांगितलं. पण आणीबाणीसाठी ठेवायची मुभा दिली, कारण पेजर तळघरातही वाजतो. गंमत म्हणजे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पेजिंग १९५६ मध्येच आलं होतं.

बाइनरी_बाब्या
बुधवार, दुपारी १:१५

आता माझ्या प्रांतातलं. पॅनेल आणि फोन यांच्यामध्ये एक अलार्म सर्व्हर बसतो. त्याच्या एका बाजूला तुमचे इनपुट: पोटेन्शियल फ्री कॉन्टॅक्ट (साधा चालू-बंद स्विच), मॉडबस आणि ओपीसी हे यंत्रांच्या बोलण्याचे प्रोटोकॉल, आणि फायर पॅनेलकडून बहुतेक वेळा ईएसपीए ४.४.४.

हा ईएसपीए म्हणजे १९८० च्या दशकातला प्रोटोकॉल. युरोपातल्या पेजर बनवणाऱ्यांनी मिळून केलेला, सिरियल केबलवर चालणारा. अजून जिवंत आहे, कारण साधा आहे. एका रेकॉर्डमध्ये कोणाला, काय मजकूर, बीप कसा, किती वेळा आणि प्राधान्य: १ आणीबाणी, २ तातडीचं, ३ साधं. पलीकडून एसीके (पोच) आला की पॅनेल निवांत. पण तो एसीके कशाचा? पेजिंग यंत्रणेने रेकॉर्ड घेतलं, एवढाच. माणसाने वाचलं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. व्हेंडरच्या लॉगमध्ये "डिलिव्हर्ड" दिसलं की थांबवून विचारा: सर्व्हरने घेतलं, फोनपर्यंत गेलं, पडद्यावर उघडलं, की माणसाने "स्वीकारलं" दाबलं? चार वेगळ्या वेळा लॉगमध्ये दिसायला हव्यात.

दुसरं, ती केबल कुणी उपटली तर? मजकूर येत नाही म्हणजे सगळं आलबेल, असं सर्व्हरला वाटता कामा नये. दुवा गप्प झाला की त्याचाच अलार्म व्हायला हवा.

देवनागरीचं विसरा. प्रोटोकॉल सात बिटांचा, बहुतेक हँडसेटवर आपला फाँट नाही. रोमनमध्येच लिहा. तुमच्या पंपांचे आणि व्हॉल्व्हचे टॅग नंबर तसेही रोमनमध्येच आहेत, माणसं ते वाचतातच. पण जागा आधी लिहा, बिघाड नंतर. पडदा छोटा, पहिल्या ओळीत "कुठे" दिसलं पाहिजे. डीसीएसमधलं टॅगचं लांबलचक वर्णन तसंच ढकललं तर पहिली ओळ प्लांटच्या नावातच संपते.

आणि एन्क्रिप्शन चालू करून घ्या. २००८ च्या डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत काही संशोधकांनी स्वस्तातल्या एका लॅपटॉप कार्डावर डेक्टचे कॉल ऐकून दाखवले होते. बरेच फोन तेव्हा एन्क्रिप्शन वापरतच नव्हते.

ऱ्हाइनकाठचा_मावळा
बुधवार, रात्री १०:४५

धागा उशिरा दिसला. मी इथे जर्मनीत एका केमिकल पार्कमध्ये मेंटेनन्सला आहे, आणि कुरकुंभकरांच्या ऑडिटरच्या डोक्यात काय असणार ते सांगू शकतो.

इथे एकट्याने धोक्याचं काम करणाऱ्यांसाठी डीजीयूव्ही रेगेल ११२-१३९ हा नियम आहे आणि यंत्रणेसाठी डीआयएन व्हीडीई व्ही ०८२५-१ हे मानक. अलार्म दोन जातींचे. एक माणसाने मुद्दाम दिलेला: लाल बटण. दुसरा त्याच्या इच्छेशिवाय होणारा: हालचाल थांबली, अंग आडवं झालं, ठरलेल्या वेळी बटण दाबलं नाही, फोन अंगावरून ओढून काढला, किंवा माणूस जोरात पळतोय. यातले कोणते लागू करायचे ते कामावर ठरतं. आमचा वेल्डर पाइपरॅकखाली आडवा होऊनच काम करतो, त्याला आडवं होण्याचा अलार्म लावला तर दिवसभर बोंब. त्याला हालचालीचा लावलाय.

खरा अलार्म जाण्याआधी पूर्व-अलार्म असतो. फोन थरथरतो, वाजतो, आणि ठरावीक सेकंद देतो: ठीक असशील तर कळ दाब. हा वेळ फार कमी ठेवला तर खोटे अलार्म, फार जास्त ठेवला तर पडलेला माणूस वाट बघत पडतो. अलार्म गेल्यावर फोन आपोआप बोलणं सुरू करतो, पडलेल्याला काही दाबावं लागत नाही, कंट्रोल रूमला त्याचा श्वास तरी ऐकू येतो.

ऑडिटर हे नक्की विचारेल: शिफ्ट सुरू होताना प्रत्येक फोनची चाचणी होते का? आणि फोन कव्हरेजबाहेर गेला तर काय? या मानकात तांत्रिक अलार्म असतो, म्हणजे फोन आणि केंद्र यांचा संपर्क तुटला तर तेच केंद्रावर वाजतं. साध्या डेक्ट फोनमध्ये मॅन-डाउन असतं म्हणून तो या मानकाला उतरतो असं मुळीच नाही. माहितीपत्रकात मानकाचा नंबर छापलेला आहे का तेवढं बघा, नसेल तर नाही.

कुरकुंभकर
बुधवार, रात्री ११:०५

जागा कशी कळते? व्हेंडर "लोकेशन" म्हणाला, नकाशावर हलणारा ठिपका दाखवला.

ऱ्हाइनकाठचा_मावळा
बुधवार, रात्री ११:२०

ठिपक्यावर जाऊ नका. नुसत्या बेसवरून "या बेसच्या आसपास" एवढंच कळतं. लोखंडाच्या जंगलात ते आसपास बरंच मोठं होतं, मजलाही चुकतो. नेमकी जागा हवी तर दारांवर, जिन्यांवर छोटे बीकन लावतात, फोन शेवटचे ओलांडलेले बीकन अलार्मसोबत पाठवतो. टँक फार्मला हेच लागेल.

आणि कामगारांशी आधी बोला. इथे बेट्रिब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली समिती असते. माणसाच्या वागण्यावर नजर ठेवू शकणारं कुठलंही यंत्र तिच्या संमतीशिवाय लागत नाही, कायद्यातच आहे. आमच्या करारात जागा फक्त अलार्म झाल्यावरच दिसते, एरवी नाही. तुमच्याकडे युनियन असेल तर त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. "हा फोन चहाला किती वेळ गेलो ते मोजतो" अशी कुजबुज सुरू झाली की फोन रॅकमध्येच राहतात.

जुना_एक्स्चेंजवाला
गुरुवार, सकाळी ९:००

सर्व्हे राहिला. व्हेंडर नकाशावर गोल काढून बेस मोजेल. मान्य करू नका. एक तात्पुरता बेस मास्टवर चढवून, फोन सर्व्हे मोडमध्ये घेऊन माणसाने चालायचं, सिग्नल लिहीत जायचं. ऑफिसात उणे ७० डीबीएमपर्यंत चालतं, प्लांटमध्ये उणे ६० धरा (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). मोकळ्यावर डेक्ट तीनशे मीटर जातं असं पत्रकात असतं. काँक्रीट आणि टाक्यांमध्ये पन्नास मिळाले तरी नशीब समजा. सर्व्हे टाक्या भरलेल्या आणि टँकर उभे असताना करा, रविवारी रिकाम्या आवारात नको. पंप हाउसचं लोखंडी दार बंद करून एकदा. लिफ्टमध्ये, जिन्याच्या तळाशी, संडासात. माणूस संडासातही पडतो.

बेस हवेतून एकमेकांचं घड्याळ जुळवतात, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. हातात हात धरून नदी ओलांडणाऱ्यांसारखी ही साखळी. मधला सुटला की पुढचे सगळे वाहवतात. म्हणून प्रत्येक बेसला दोन वाटांनी घड्याळ मिळेल अशी मांडणी मागा.

वीज. बेसला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते. सर्व्हर यूपीएसवर असतो, पण युटिलिटी ब्लॉकमधला तो छोटा स्विच? एका साइटवर तोच साध्या सॉकेटवर होता, पॉवर गेली की बरोबर बॉयलरकडचे फोन मुके. डेमोच्या दिवशी मुख्य पुरवठा पाडून बघा.

आज्ञाधारक
गुरुवार, सकाळी ९:२०

धाग्याला सुरुवातीला मी फुकटात उत्तर दिलं होतं, त्याची आता लाज वाटेल इतकी माहिती जमली. वाचनखूण साठवली आहे.

कुरकुंभकर
शुक्रवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. आज प्लांट हेड, सेफ्टी आणि युनियनचे दोघे अशी बैठक झाली. ठरलं ते असं.

फोनवर फक्त ज्यावर माणसाने जायचं आहे तेच अलार्म: गॅस डिटेक्टर, फायर पॅनेल, बॉयलर ट्रिप, ईटीपीचा उच्च पातळीचा, आणि माणसांचे स्वतःचे. बाकी डीसीएसवरच. प्रत्येक अलार्मला पहिला कोण, त्याने नाही स्वीकारलं तर दुसरा कोण, तिसरा कोण, हे आधी कागदावर लिहून मग व्हेंडरला द्यायचं. हा कागद लिहायला बसलो तेव्हा कळलं की रात्री दोन ते चार या वेळात तीन अलार्मांना दुसरा माणूसच नाही. दुसरा म्हणून नेमता येतील असे दोघंही त्याच वेळी जेवणाच्या सुट्टीत असतात. सुट्टीच्या वेळा बदलतोय, त्याला फोन लागत नाही.

गॅसच्या मजकुरात "बीए सेट" शब्द सक्तीने. रीसेट ब्लॉकच्या दाराशी. मावळाभाऊ, जागा फक्त अलार्मला दिसेल असं युनियनला लेखी देतोय. भोंगे आणि पीए जागेवरच राहणार, फोन त्यांच्या जोडीला. सहामाही मॉक ड्रिल असतेच, त्यातली एक रात्रपाळीत आणि फोनवरून सुरू करायची, आगाऊ न सांगता.

एक शंका उरली: फोन माणसागणिक द्यावेत की जागेगणिक?

जुना_एक्स्चेंजवाला
शुक्रवार, रात्री १०:४०

जागेगणिक. फोनचं नाव "ईटीपी", "युटिलिटी", "टँक फार्म". माणसं बदलतात, अलार्मला जागाच हवी. एक जादा फोन आणि दोन जादा बॅटऱ्या शिफ्ट इनचार्जच्या कपाटात ठेवा.

सेफ्टीवाला_बोईसर
शुक्रवार, रात्री ११:००

सहमत, पण मग शिफ्ट हँडओव्हर रजिस्टरमध्ये रकाना वाढवा: कोणता फोन कोणी उचलला, चाचणी केली का, सही. रॅकमधून ईटीपीचा फोन घेऊन कुणी टँक फार्मला गेलं तर सर्व्हर तुम्हाला ईटीपीलाच पळवेल.

कुरकुंभकर
शुक्रवार, रात्री ११:०८

बरोबर. फोनच्या पाठीवर रंगीत पट्टी आणि रॅकच्या खणालाही तोच रंग, असं करतो. रजिस्टर उद्या छापायला जातंय, रकाना टाकून घेतो. सर्व्हे टँकर येतात त्या दिवशी ठेवायला सांगितलाय. आकडे आले की धागा वर काढेन.